न झिजलेले दात

डबा उघडला आणि दात्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तसं पाहिलं तर डब्यात भयंकर काही नव्हतं. आजीची कवळी होती, वरची आणि खालची, जुन्या फडक्यात गुंडाळलेली. सकाळी निघताना आईने तो गोळ्यांचा जुना डबा त्याच्या पिशवीत सरकवला होता. "कपाट आवरताना सापडली. ठेववत नाही नि टाकवत नाही. तूच केलेली, आता तूच काय ते बघ." आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. दात्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होता, रोज पाच-सहा कवळ्या त्याच्या हाताखालून जात होत्या, आणि कवळी बघून त्याने दचकायचं म्हणजे सुताराने रंधा बघून दचकण्यासारखं. पण जेवता जेवता, नुसत्या सवयीने, त्याने खालची कवळी उचलून दिव्याखाली तिरकी धरली होती. कवळी हातात आली की आधी दाढांचा माथा बघायचा, हे त्याच्या बोटांना त्याच्याआधी कळायचं. चपलेची टाच बघून माणूस कसा चालतो ते कळतं, तशी दाढ बघून माणूस कसा जेवतो ते कळतं. कोण डावीकडून चावतो, कोण रागाने चावतो, कोण झोपेत दात खातो. आजीच्या दाढांवरून काहीच कळत नव्हतं. टोकं जशीच्या तशी होती. मधल्या खाचा पेटीतून काढल्यासारख्या कोऱ्या. नऊ वर्षं तोंडात राहिलेली कवळी, आणि तिने एक घास चावलेला नव्हता.

त्याने डोळे मिटून घास गिळला. न चावताच गिळला.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे आजीची थोरली लेक, आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता. आजीच्या वर्षपूर्तीला ती एक आठवणींचं पुस्तक छापून घेत होती. सगळ्यांची पानं आली होती, एकट्या दात्याचं अडलं होतं. "अरे कवळीसम्राट, कुठे तोंड घालून बसलायस? उद्या छापायला जायचंय. दोन ओळी लिहायला इतके आढेवेढे? तुझं पान सगळ्यात महत्त्वाचं. नातवाने आजीला दात करून दिले आणि ती शेवटपर्यंत त्या दातांनी हसली, असं लिही. रडतील सगळे." दात्या म्हणाला, "आणि जेवली कशाने?" "काय?" "काही नाही. लिहितो." "लिही. आणि ते एक वाक्य घालच, तिने जन्मात कधी तक्रार केली नाही. सगळ्यांनी घातलंय." सगळ्यांनी घातलंय. दात्याने फोन ठेवला. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण त्याने आजवर पुढाऱ्यांवर खर्च केली होती, घरमालकावर केली होती. ती आजीवर वापरायची पाळी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि आजीकडे तर खायचे दात नव्हतेच. होते ते नुसते दाखवायचे. ते कोणाला दाखवायचे, हेही स्वच्छ होतं.

मास्तर हात पुसत आले. लॅब त्यांची. पन्नास वर्षांत त्यांनी कधी लोकांच्या तोंडात हात घातला नव्हता, पण लोकांची तोंडं त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. त्यांनी न विचारता दोन्ही कवळ्या उचलल्या, एकमेकींवर ठेवल्या, अंगठ्याने दाबल्या. टक. दात्याच्या पाठीतून तो आवाज गेला. "उंची चढलीय," मास्तर म्हणाले. "तीन मिलिमीटर तरी. कोणत्या गाढवाने केलीय?" "जुनी आहे." "जुनी कसली? कोरी आहे. पेशंट घालायच्या आधीच गेला वाटतं." "नऊ वर्षं घातली." मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "असं कोण म्हणतं?" मास्तरांनी कवळी खाली ठेवली, अगदी हळू, आणि त्या हळूपणातच दात्याला कळलं की गाढव कोण ते त्यांना समजलं. "जेव तू," म्हणून ते आत गेले.

टक. हा आवाज घरादाराचा लाडका होता. आजी बोलायला लागली की वाक्यागणिक टक. आत्याची पोरं तिला टकटक आजी म्हणायची आणि आजी मुद्दाम दात वाजवून त्यांच्या मागे लागायची, पोरं किंचाळत पलंगाखाली शिरायची. दात्याही हसायचा. कवळी केली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, लॅबमध्ये येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि हाताला सुरसुरी होती. आजी डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. "घरात कारागीर असताना परक्यापुढे तोंड कशाला वासू?" हे ऐकून कारागीर फुगला. त्याने लॅबमधून साचा आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिला बसवलं, तिच्या नाकाच्या शेंड्यावर पेनाने एक ठिपका काढला, हनुवटीवर एक. माणसाला 'म' म्हणायला लावायचं, मग जबडा सैल सोडायला सांगायचं, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं. त्या अंतरावर सगळी कवळी उभी असते. "आजी, सैल सोड." आजीने सोडला. त्याने पट्टी लावली, आणि आजीला वाटलं पोराला अडचण होतेय, म्हणून तिने जबडा आणखी थोडा खाली नेला आणि मिटल्या ओठांतूनच विचारलं, "अजून हवं का?" इतकंच झालं होतं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं, मागितल्यापेक्षा चार बोटं जास्त द्यायची. पोरांना दिलं, नवऱ्याला दिलं, आला-गेल्याला दिलं. दात्याला तिने तीन मिलिमीटर जास्त दिले, आणि त्या गाढवाने ते मोजून लिहून घेतले.

पण गाढवपणा तेवीसव्या वर्षी माफ असतो. दात्याला जे आता आतून पोखरत होतं ते त्यानंतरचं होतं. पुढच्याच वर्षी मास्तरांनी त्याला शिकवलं, बोलताना कवळी वाजली तर समजायचं उंची चढलीय. माणसाच्या जबड्याला विसावा मिळत नाही. हिरड्या सोलतात, गाल थकतात, घास दोन्हीकडून निसटतो. "आणि एक लक्षात ठेव," मास्तर म्हणाले होते, "कवळी पहिल्या फटक्यात कधी बसत नाही. देवाने केली तरी बसायची नाही. पेशंटने कुरकुर करायची, आपण घासायची, परत घालायची, परत त्याने कुरकुर करायची. जो पेशंट तक्रार करत नाही त्याची कवळी कायमची बिघडली म्हणून समज. आणि दुखतं का, असं विचारायचं नाही. नाही म्हणतात लोक. कुठे दुखतं, असं विचारायचं." त्या संध्याकाळी दात्या घरी आला, आजी म्हणाली, "आलास राजा?" टक. तो आवाज त्याने प्रथमच कारागिराच्या कानाने ऐकला. दारात बूट काढता काढता त्याला सगळं कळलं. त्याने विचारलं, "आजी, दुखत नाही ना?" दुखतं का असंसुद्धा नाही, दुखत नाही ना. आजी म्हणाली, "बरंय." आणि त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं त्याला आज आठवलं, आणि जिभेवर अळणी थुंकी जमली. ती खोटं बोलली असेल. पण ते खोटं त्याला हवं होतं, भुकेल्याला भाकरी हवी तसं, आणि तिने आयुष्यात कोणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

मग ती स्वतः काय खात होती? दुपारभर दात्या दुसऱ्याच कोणाच्या तरी कवळीत मेणावर दात रोवत बसला आणि आजी जेवताना दिसतेय का ते आठवत राहिला. आजी वाढताना दिसत होती. आजी ताटांवर लक्ष ठेवताना दिसत होती, कोणाचा भात संपला, कोणाला मीठ कमी पडलं. भांड्याच्या बुडाशी लागलेलं खरवडताना दिसत होती. हात धुताना, ओटा पुसताना, गॅसची बटणं दोनदा तपासताना दिसत होती. घास तोंडात घालताना एकदाही दिसत नव्हती. "तुम्ही घ्या, मी बसते मागाहून." या एका वाक्यामागे ती सत्तर वर्षं राहिली, माणूस भिंतीमागे राहावा तशी. सतराव्या वर्षी त्या घरात आली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली, आणि एवढ्या मोठ्या खटल्यात एकाही पुरुषाने तिला जेवताना बघितलं नव्हतं. बघायचं काय त्यात? बाई जेवतेच मागाहून. शेवटच्या दोन वर्षांत ती वाळत गेली, हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले वय झालं, आत्या म्हणाली वय झालं, दात्याही म्हणाला वय झालं. त्याने तेव्हा कॅलेंडरकडे बघितलं, ताटाकडे बघितलं नाही. आता मेणाच्या वासात, दिव्याच्या उष्णतेत, त्याला पहिल्यांदा तो प्रश्न सरळ दिसला आणि त्याने चिमटा खाली ठेवला. आजी वयाने गेली की माझ्या तीन मिलिमीटरने?

भिंतीवरच्या फळीवर जुने साचे होते, प्लास्टरचे जबडे, शेकड्याने, धूळ खात. त्यांत आजीचा होता. त्याने तो काढला नाही. काढायची गरज नव्हती, तो त्याला पाठ होता. वरच्या हिरडीच्या कडेवर, डाव्या अंगाला, पुढच्या बाजूलाच एक खळगा होता. दात आपणहून पडले की हाड हळूहळू विरतं, साबणाच्या वडीसारखं. हा खळगा तसा नव्हता. तिथे हाड तुटलं होतं. तेव्हा त्याने विचारलं होतं, आजी, हे काय गं? "नळाच्या तोटीवर आपटले होते. तुझा बाप पोटात होता." आणि नेहमीचा विनोद: "प्रत्येक पोराने एकेक दात नेला, उरलेले तुझ्या आजोबांनी." हसली होती. तोही हसला होता. आजोबा घरी भिंतीवरच्या तसबिरीत होते, मिशा, कोट, करारी नजर. आत्याच्या पुस्तकात त्यांच्यासाठी 'करारी' हाच शब्द होता. असा खळगा असला की त्यात प्लास्टर अडकतं, म्हणून तो आधी मेणाने बुजवून घ्यायचा असतो. दात्याने तो बुजवला. व्यवस्थित, बोटाने गुळगुळीत करून बुजवला, आणि वरून गुलाबी कवळी चढवली. तोटी काय इतक्या वर पोचते? नळापाशी वाकलेली बाई आपटली तर कपाळावर आपटेल. हे त्याला त्या दिवशीही सुचलं होतं. सुचलं आणि त्याने मेण तापवलं. लोक म्हणतात आजीने कोणावर दात धरला नाही. धरायला दात ठेवले होते कोणी?

पाचला तो उठला. मास्तरांनी काही विचारलं नाही, पण दरवाज्याशी गेला तेव्हा मागून आवाज आला, "निळा कागद घेऊन जा." दात्या थबकला. "कशाला?" "आईची कवळी करून दोन महिने झाले ना? एकदाही घासायला आणली नाहीस. चांगली बसली असेल तर प्रश्नच नाही." मास्तर मान खाली घालून काम करत होते. दात्याने खणातून कागदाची पट्टी काढली, बरोबर छोटी घासणी घेतली. तो जिना उतरला. दोन महिन्यांपूर्वी त्याने आईची कवळी केली होती, या वेळी डोळ्यांत तेल घालून, उंची तीनदा मोजून. घातल्यावर आई काय म्हणाली होती? बरंय. रोज विचारलं तर काय म्हणत होती? बरंय. आणि रात्रीचं जेवण? परवा ती म्हणाली होती, मला भूक नाही, तू घे. त्याच्या आधी म्हणाली होती, तू घे, मी बसते मागाहून.

रस्त्यावर सगळी माणसं खात होती. बाकावर एक म्हातारा पाव चावत होता, एक बाई चालता चालता सफरचंद, बसची वाट बघणारी एक पोरगी पेनाचं टोपण. दात्याला नुसते जबडे दिसत होते, वर-खाली, वर-खाली, आणि आवाज बंद केलेल्या सिनेमासारखं सगळं. नववीत शाळा सुटली त्याची. व्याकरण म्हणून जे काही आलं ते मास्तरांकडून, कवळी तपासताना. ओठांची अक्षरं बोळक्या तोंडालाही येतात. ब येतो, म येतो. र, य तर जीभ नुसती हलवली तरी होतात. पण त, थ, द, ध यांना दात लागतात, नाहीतर जीभ कशावर टेकणार? म्हणून कवळी घातली की पेशंटला ती अक्षरं म्हणायला लावायची. दात्या जिन्यापाशी पोचला आणि हे त्याच्या डोक्यात असं अचानक एकत्र आलं की त्याने कठडा धरला. 'बरंय' म्हणायला दात लागत नाहीत. 'दुखतं' म्हणायला लागतात. तोंडाचं बोळकं झालेल्या बाईलाही 'बरंय' सुबक म्हणता येतं.

त्याने दाराला किल्ली लावली. आतून, स्वयंपाकघरातून, टक असा बारीक आवाज आला. वाटीवर झाकण ठेवल्यासारखा. हा आवाज तो नऊ वर्षं ऐकत आला होता, किल्ली फिरली की टक, आणि त्याला वाटायचं भांड्यांचा असेल. आजी जाऊन वर्ष होत आलं, तरी गेले दोन महिने पुन्हा किल्ली फिरली की टक. तो तसाच उभा राहिला, एक पाय उंबऱ्याच्या आत. मग चपलांसकट सरळ आत गेला.

आई ओट्याशी पाठमोरी होती. वळली तेव्हा दात लावलेले होते, ओठांवर पाण्याचा थेंब होता, आणि तिच्यामागे काचेची वाटी, झाकण तिरकं. "लवकर आलास? चपला काढ आधी, आत्ताच पुसलंय."

"बस इथे."

"अरे चपला..."

"आई, बस."

ती बसली. तीच खुर्ची, तेच टेबल. दात्याने तिच्या दातांमध्ये निळी पट्टी धरली. "चाव." तिने चावलं. त्याने कवळी काढून खिडकीशी नेली. उजवीकडे तीन गडद ठिपके, डावीकडे काही नाही. सगळा भार एका बाजूला. अशा कवळीने माणूस भातसुद्धा चावू शकत नाही. त्याने घासणी काढली आणि घासली नाही. आई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती, पाहुण्यासमोर बसावं तशी.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?" हातांमागून आवाज आला.

"कधीपासून वाटीत ठेवतेस?"

ती म्हणाली, "तू किल्ली लावलीस की घालते. दिवसभर तू नसतोसच."

"हे तुला कोणी शिकवलं?"

आईने त्याच्याकडे असं बघितलं की काय खुळ्यासारखं विचारतोस. कोणी शिकवणार? "सासूबाईंनी शपथ घातली होती," ती म्हणाली. शब्द चिखलातून पाय उपसावे तसे एकेक येत होते, आणि तोंडावरचे हात ती खाली घेत नव्हती. "पहिल्याच आठवड्यात सगळी हिरडी सोलली होती. मी म्हटलं, सांगते पोराला. तर माझा हात धरला. म्हणाल्या, पोर नवं आहे, हाताला धीर येऊ दे, आत्ता बोललो तर काम सोडून देईल. पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी म्हणाल्या, आता काय सांगायचं. मी भात कुस्करून द्यायचे. पाव दुधात बुडवून द्यायचे. इथेच, दाराआड. तू यायच्या आत."

"आणि शेवटी शेवटी?"

"शेवटी तेही गिळवत नव्हतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस मला? ती वाळत होती, आई! डोळ्यांसमोर! मी घासून दिली असती, पाच मिनिटांचं काम होतं, पाच! नवी केली असती!" तो ओरडत होता आणि ओरडता ओरडता त्याला कळत होतं की आपण कोणावर ओरडतोय. ज्याने टक ऐकली होती, त्याच्यावर. "तुम्हा दोघींना काय वाटलं, मी मरेन?"

"नाही रे," आई म्हणाली. "तू खूश होतास ना."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. आत्या. पुस्तक, पान, दोन ओळी. फोन वाजत वाजत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. दोघांनीही तो उचलला नाही. खिडकीतून संध्याकाळचा शेवटचा उजेड बरोबर खुर्चीवर येत होता. दात्या खाली बसला, गुडघ्यांवर, फरशीवर, नुकत्याच पुसलेल्या.

"हात काढ," तो म्हणाला.

आईने मान हलवली.

"काढ. मला बघू दे."

तिने हात काढले, आधी एक, मग दुसरा. दात नसलेला आईचा चेहरा त्याने असा कधी बघितला नव्हता; मापं घेतानाही बघितले होते ते ठिपके आणि पट्टी. गाल आत ओढले गेले होते, हनुवटी वर आली होती, ओठांच्या जागी एक सुरकुतलेली शिवण होती. तो चेहरा आईचा नव्हताच. कवळी झाल्यावर आजीनेही त्याला तो कधी दाखवला नव्हता, मेली तेव्हासुद्धा बायकांनी आधी कवळी बसवली होती, मगच पुरुषांना आत घेतलं होतं, आणि उचलायच्या वेळी तोंड झाकून ती काढून घेतली होती. आता जणू आजीच समोर बसली होती, सगळं लपवणं संपवून, आणि आईच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. दात्याने नजर वळवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बरंय रे," त्या चेहऱ्याने सवयीने म्हटलं. सुबक, स्वच्छ.

"नाही," दात्या म्हणाला. "दुसरा शब्द."

जीभ त्या शिवणीमागे हलताना दिसली, टेकायला जागा शोधत होती, सापडत नव्हती. मग आवाज आला. 'द' धड झाला नाही, 'त'चा नुसता वारा आला, पण शब्द झाला.

"दुखतं."

दात्याने घासणी बाजूला ठेवली. तिचा हात हातात घेतला, खरखरीत, साबणाच्या वासाचा.

"कुठे?"

तिने बोट उचललं, तोंडाकडे नेलं आणि वाटेतच थांबवलं. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तराची तयारी नव्हती. तिने एकदा झाकण तिरकं झालेल्या वाटीकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या आजोबांच्या मिशीवाल्या तसबिरीकडे.

"कुठून सांगायला लागू?" ती म्हणाली.